आधी वारस नोंद, मग दत्तक : मढच्या ग्रामस्थांना कळकळीचं आवाहन

मढ, पातवाडी, डोंगरपाडा, भाटी, एरंगळ आणि आक्सा इथल्या सर्व आयांना, सावत्र वडिलांना, आजी-आजोबांना, काका-आत्यांना आणि जमातीच्या पंचांना,

ज्या घरातला कर्ता मुलगा वारला आहे, सुनेनं दुसरं लग्न केलं आहे आणि मुलांना आता नव्या वडिलांचं नाव लावायचं ठरतं आहे, त्या घरानं कुठल्याही कागदावर सही करण्याआधी हे निवेदन शेवटपर्यंत वाचावं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वाचून दाखवावं. सांगायचं आहे ते एका ओळीत असं: मुलांच्या गेलेल्या बापाचा हिस्सा आधी मुलांच्या नावावर नोंदवा आणि मगच दत्तकाचा विचार करा. हा क्रम उलटा झाला तर मुलांचं होणारं नुकसान पुढं कुणालाही भरून देता येत नाही. कारण हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, 1956 याच्या कलम 15 नुसार रीतसर झालेलं दत्तक रद्द करता येत नाही, घेणाऱ्यालाही नाही आणि दत्तक गेलेल्या मुलालाही नाही.

आजच घाई कशासाठी, असं कुणी विचारील. वर्सोवा-मढ पुलाचं काम महापालिकेनं हाती घेतलं आहे. कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा प्रश्न वर्षानुवर्षं गाजतो आहे आणि त्यात प्रत्येक घराखालची जागा कुणाची, हे कागदावर दाखवावं लागतं. काल ज्या अंगणात वलांड्या घालून बोंबील वाळत होते, त्या अंगणाचा आज चौरस फुटावर भाव होतो. जागेला भाव आला की लांबचे वारस जवळ येतात आणि जवळची पोरं यादीतून गळतात. सगळ्यात आधी गळतात ती, ज्यांची आई दुसऱ्या घरी गेली आहे.

नाव बदललं म्हणजे दत्तक झालं नाही

पहिला गैरसमज शाळेच्या दाखल्यापासून सुरू होतो. दाखल्यावर सावत्र वडिलांचं नाव आलं, आधारवर आलं, राजपत्रात नावबदल छापून आला, आता मुलगा त्यांचा झाला, असं आपण धरून चालतो. कायदा तसं धरत नाही. राजपत्रानं नाव बदलतं, नातं बदलत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा मार्च 2020 चा एम. वनजा विरुद्ध एम. सरला देवी हा निकाल सर्वांनी ध्यानात ठेवावा. लहानपणापासून एका जोडप्यानं वाढवलेली मुलगी, शाळेच्या आणि सरकारी कागदांवर आईबाप म्हणून त्यांचीच नावं. वडिलांच्या पश्चात तिनं हक्क मागितला तेव्हा प्रत्यक्ष देण्या-घेण्याचा विधी झाल्याचं आणि पत्नीची संमती असल्याचं तिला सिद्ध करता आलं नाही. दावा फेटाळला गेला. वाढवलं खरं, पण दत्तक घेतलं नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

हिंदू वारसा कायद्यात सावत्र मुलगा सावत्र बापाचा वारस नाही. बाप मृत्युपत्र न करता गेला तर ज्या मुलानं त्याला 'पप्पा' म्हणत वीस वर्षं एका ताटात जेवण केलं, त्याला कायद्यानं काहीच मिळत नाही. सावत्र आईच्या बाबतीत थोडी वाट आहे. तिला स्वतःची मुलं आणि नवरा नसेल, तर नवऱ्याचे वारस म्हणून सावत्र मुलांचा क्रम लागू शकतो. हा भेद सर्वोच्च न्यायालयानं 1987 साली लछमन सिंग विरुद्ध किरपा सिंग या खटल्यात स्पष्ट केला आहे. तरी हा क्रम मागचा आहे, हे विसरू नका.

आडनावाबद्दल मात्र आयांनी घाबरू नये. बाप वारल्यावर मुलाचं आडनाव काय ठेवायचं आणि त्याला नव्या नवऱ्याला दत्तक द्यायचं का, हे ठरवण्याचा अधिकार नैसर्गिक पालक म्हणून आईचा आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2022 मध्ये अकेला ललिता यांच्या खटल्यात सांगितलं. कागदपत्रांत नव्या नवऱ्याचा उल्लेख 'सावत्र बाप' असा करा, हा उच्च न्यायालयाचा आदेश मुलाच्या मनाचा विचार न करणारा म्हणून सर्वोच्च न्यायालयानं खोडून काढला. तेव्हा सासरचं कुणी 'आमचं आडनाव लाव नाहीतर कोर्टात खेचू' म्हणालं, तर हा निकाल त्यांच्यापुढं ठेवा.

दत्तक झालं की काय राहतं, काय जातं

दत्तकाच्या तारखेपासून मूल सावत्र बापाचं पोटचं मूल मानलं जातं. त्याच्या इतर मुलांच्या बरोबरीनं वाटा मिळतो. पण त्याच तारखेला जन्मघराशी असलेलं वारसाचं नातं तुटतं. दत्तक कायद्याच्या कलम 12 मध्ये एक आधार ठेवलेला आहे: दत्तकाच्या आधी जी मालमत्ता मुलाची झालेली आहे ती त्याचीच राहते. पुढं जी मिळाली असती, ती मात्र जाते. सगळा घोळ या 'झालेली' आणि 'मिळाली असती' यांच्या मधल्या फटीत होतो.

उदाहरण घेऊ. समजा, मढच्या एका नाखव्याला दोन मुलगे. थोरला वारला, मृत्युपत्र केलेलं नाही. मागं त्याची आई, बायको, दहा वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी. थोरल्याच्या स्वतःच्या नावावर निम्मी बोट, मच्छीमार सोसायटीचे शेअर आणि बँकेत ठेव. ज्या क्षणी तो गेला त्या क्षणी या सगळ्याचे चार सारखे हिस्से झाले: आईचा एक, बायकोचा एक, मुलाचा एक, मुलीचा एक. वडील नाखवा या पहिल्या रांगेत येत नाहीत. मुलीचा हिस्सा मुलाएवढाच, हे ठळक करून सांगतो, कारण यादी लिहिताना पहिला विसर पडतो तो मुलीचाच.

दोन वर्षांनी सुनेनं वेसाव्यातल्या माणसाशी लग्न केलं. तिचा पाव हिस्सा जातो का? जात नाही. एकदा मिळालेला वारसा पुनर्विवाहानं काढून घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2008 साली चेरोटे सुगतन खटल्यात पुन्हा सांगितलं आहे. नव्या नवऱ्यानं दोन्ही मुलांना दत्तक घेतलं, तर त्यांचे हिस्से जातात का? तेही जात नाहीत. ते आधीच त्यांचे झालेले आहेत. उलट, या मालमत्तेला चिकटलेली जबाबदारीही त्यांच्याबरोबर राहते. जन्मघरच्या आजीला पोसण्याची जबाबदारी असेल, तर दत्तक गेल्यानं ती संपत नाही.

आता राहतं घर. मिळकत पत्रिकेवर आजोबांचं, म्हणजे नाखव्याचं नाव आहे, घर त्यांनी स्वतः घेतलेलं आहे आणि आजोबा हयात आहेत. नातवंडं दत्तक गेली नाहीत, तर आजोबांच्या पश्चात गेलेल्या बापाच्या जागी ती उभी राहतात आणि बापाचा वाटा घेतात. पण आजोबांच्या हयातीतच दत्तकपत्र झालं, तर आजोबा जातील तेव्हा ही नातवंडं कायद्यानं त्यांची कुणी उरलेली नसतात. सगळं घर धाकट्या काकाकडं आणि आजीकडं जातं. काकाच्या मनात काही वाईट नसलं, तरी. दत्तकपत्र आणि आजोबांचा मृत्यू यांत कुठली तारीख आधी पडली, एवढ्यावर पोराचं अर्धं आयुष्य ठरतं.

आपल्याकडं बहुतेक जुनी घरं आजोबा-पणजोबांच्याच नावावर आहेत. म्हणून हे उदाहरण कुणा एकाचं नाही.

घर वडिलोपार्जित आणि वाटणी न झालेलं असेल, तर आणखी जपा. जन्मानं मिळालेला एकत्र कुटुंबातला हिस्सा दत्तकानंतर टिकतो की जातो, यावर उच्च न्यायालयांत दुमत आहे. मुंबई उच्च न्यायालयाचा 1992 चा देवगोंडा पाटील खटल्यातला निकाल दत्तक गेलेल्याला अनुकूल नाही. तेलंगणा उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानंही 2023 साली म्हटलं की दत्तकाआधी वाटणी झाली नसेल, तर जन्मघरातला तो हक्क संपतो. तेव्हा वाटणी करून हिस्सा वेगळा नोंदवल्याशिवाय मुलाला दत्तक देणं म्हणजे त्याचा हक्क कोर्टाच्या मर्जीवर सोडणं.

करायचं काय, आणि कुठल्या क्रमानं

एक. घराची मिळकत पत्रिका किंवा सातबारा काढा. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीची प्रत मिळते. त्यावर शेवटचं नाव कुणाचं आहे, ते माणूस हयात आहे का, नसेल तर कधी गेलं, हे एका वहीत लिहून काढा. घराबरोबर बोट, तिचा परवाना, सोसायटीचे शेअर, बँक, विमा, सोनं, सगळं त्या वहीत यायला हवं.

दोन. ज्याचा मृत्यू झाला आहे त्याची वारस नोंद करून घ्या आणि यादीत मुलांची नावं आहेत का, ते स्वतः डोळ्यांनी बघा. महसूल कायद्याप्रमाणे हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, पण वाद वाढतात. राज्य सरकारनं 2025 मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम काढली ती याचसाठी, की पिढ्यान् पिढ्या मेलेल्यांच्या नावावर जमिनी पडून होत्या. फेरफाराची नोटीस निघाली आणि मुलांची नावं नसली, तर मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. गरज पडली तर 1827 च्या मुंबई रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायालयातून वारस दाखला घेता येतो.

तीन. बँकेत किंवा सोसायटीत नॉमिनी म्हणून काकाचं नाव आहे, म्हणून पैसे काकाचे झाले, असं समजू नका. नॉमिनी हा सांभाळणारा असतो. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2023 मध्ये साळगावकर कुटुंबाच्या खटल्यात पक्कं केलं.

चार. आजोबा हयात असतील, तर दत्तकाआधी त्यांच्याशी बोला. नातवंडांना काही द्यायचं त्यांच्या मनात असेल, तर मृत्युपत्र, बक्षीसपत्र किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र करून घ्या. मृत्युपत्रानं दत्तक गेलेल्या नातवालाही देता येतं. फक्त 'माझा नातू' एवढं लिहून थांबू नका, पूर्ण नाव आणि जन्मतारीख घाला.

पाच. आता दत्तक खरंच हवं का, हे ठरवा. जन्मघरात मिळण्यासारखं बरंच असेल आणि सावत्र वडील मायेचे असतील, तर त्यांनी मृत्युपत्रात मुलाला वाटा लिहून देणं ही जास्त सुरक्षित वाट ठरू शकते. त्यानं नवं मिळतं आणि जुनं तुटत नाही. मात्र मृत्युपत्र बदलता येतं, हेही ध्यानात असू द्या. उलट, जन्मघरी काहीच नसेल आणि सावत्र वडिलांच्या बाजूला वारस म्हणून उभं राहायचं असेल, तर दत्तकच बरं. पण दत्तक झाल्यानंही सावत्र बापाचा मृत्युपत्र करण्याचा अधिकार जात नाही. त्यांनी काही शब्द दिला असेल, तर तो दत्तकपत्रातच लिहून घ्या.

सहा. दत्तकपत्र करायचंच, तर ते नोंदणीकृत करा. देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही, देण्या-घेण्याची तारीख आणि जागा, दोघांची संमती, मुलाच्या वयाचा पुरावा, आणि जन्मदात्या वडिलांकडून मुलाला आधीच मिळालेल्या मालमत्तेची यादी त्यात हवी. पैशाची देवाणघेवाण करू नका, तो गुन्हा आहे. कागद ढिला ठेवला की काय होतं, हे महाराष्ट्रानं ताई महाराज प्रकरणात पाहिलं आहे. 1901 सालच्या त्या दत्तकाचा वाद प्रिव्ही कौन्सिलमध्ये 1915 साली मिटला, आणि तोही लोकमान्य टिळकांसारखा कायदा जाणणारा माणूस पाठीशी होता म्हणून. आपल्या पोरांच्या पाठीशी टिळक नाहीत, नोंदणीचा शिक्का आहे.

पंधरा, अठरा, एकवीस

हे तीन आकडे भिंतीवर लिहून ठेवा. हिंदू दत्तक कायद्याखाली मूल पंधरा वर्षांखालचं आणि अविवाहित हवं. मुंबई भागात मोठ्या माणसालाही दत्तक घेण्याची रूढी सर्वोच्च न्यायालयानं 1991 साली मान्य केली आहे, पण त्या भरवशावर वेळ घालवू नका. बालन्याय कायदा, 2015 खाली अठरा वर्षांपर्यंत दत्तक घेता येतं. आणि अल्पवयीन मुलाची जागा पालकानं कोर्टाच्या परवानगीशिवाय विकली असेल, तर मूल अठरा पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांत, म्हणजे एकविसाव्या वाढदिवसापर्यंत ते आव्हान देऊ शकतं. पुढं दार बंद होतं. तुमच्या घरातलं किंवा शेजारचं पोर आज एकोणीस-वीस वर्षांचं असेल, तर त्याला हा कागद आजच द्या.

इथंच हक्कसोडपत्राचा धोका सांगतो. दुसरं लग्न ठरलेल्या सुनेसमोर बऱ्याचदा एक कागद येतो: 'तू जातेस, तर तुझा नि मुलांचा हक्क सोडते असं लिहून दे.' तिनं स्वतःचा हक्क सोडायचा की नाही, हा तिचा प्रश्न. पण मुलांचा स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायला किंवा विकायला तिलाही न्यायालयाची परवानगी लागते. सावत्र वडिलांना तर दत्तक होईपर्यंत नैसर्गिक पालक म्हणून सहीचा अधिकारच नाही. बायांनो, तो कागद घरी घेऊन जा, वकिलाला दाखवा, जागेवर सही करू नका.

ज्यांचा रस्ता वेगळा आहे

सावत्र वडिलांना आधीपासून स्वतःचा मुलगा किंवा मुलाचा मुलगा असेल, तर हिंदू दत्तक कायद्याखाली ते दुसरा मुलगा दत्तक घेऊ शकत नाहीत. मुलीच्या बाबतीतही असाच नियम आहे. आणि बाप-मुलीत किंवा आई-मुलात किमान एकवीस वर्षांचं अंतर लागतं. या नियमाला सोडून केलेलं दत्तक कागदावर कितीही देखणं असलं, तरी पोकळच राहतं. अशा कुटुंबांनी बालन्याय कायद्याचा मार्ग घ्यावा. या कायद्याखाली स्वतःचं मूल असतानाही त्याच लिंगाचं मूल दत्तक घेता येतं, असं मुंबई उच्च न्यायालयानं 2009 साली त्या वेळच्या कायद्याबाबत सांगितलं होतं. सावत्र पालकांच्या दत्तकासाठी केंद्राच्या 'कारा' या दत्तक यंत्रणेच्या पोर्टलवर नोंदणी, संमतीपत्र आणि मग दत्तक आदेश, असा क्रम आहे. 2021 च्या दुरुस्तीनं आदेशाचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडं आला. कुठं कुठला अर्ज द्यायचा, हे उपनगर जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात आधी विचारा.

एरंगळ, भाटी, मढ इथल्या ख्रिस्ती कुटुंबांना हिंदू कायदा लागू नाही. तुमच्यात बाप मृत्युपत्राविना गेला, तर 1925 च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे बायकोला एक तृतीयांश आणि मुलांना मिळून दोन तृतीयांश. सावत्र मुलांना शून्य. बालन्याय कायद्याखाली दत्तक घेण्याचा मार्ग सर्व धर्मांना खुला आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2014 साली शबनम हाश्मी खटल्यात सांगितलं. फादरनी बाप्तिस्म्याच्या वहीत नाव बदललं, तेवढ्यानं वारस ठरत नाही. अनुसूचित जमातीतल्या कुटुंबांना हिंदू वारसा कायदा आणि हिंदू दत्तक कायदा आपोआप लागत नाहीत. त्यांनी स्वतंत्र सल्ला घ्यावा.

आणि आपल्या दर्यावरचं एक दुःख. बोटीवरून गेलेला माणूस सापडत नाही, तेव्हा मृत्यूची नोंद अडते, आणि एरवी कायदा सात वर्षं थांबून मृत्यू गृहीत धरतो. तोवर वारसाच खुला झालेला नसतो. अशा घरात मुलांच्या दत्तकाची घाई कृपा करून करू नका. आणि घटस्फोट झाला असेल, बाप हयात असेल, तर त्याच्या संमतीशिवाय केलेलं दत्तक टिकत नाही, हेही समजून घ्या.

आता प्रत्येकाकडं मागणं

काकांनो, भावाच्या पोरांची नावं वारस यादीत तुम्ही स्वतः घालून द्या. वहिनी दुसऱ्या घरी गेली म्हणून भावाचं रक्त बदलत नाही. शिक्षकांनो, दाखल्यावर वडिलांचं नाव बदलण्याचा अर्ज आला, तर पालकांना एवढंच विचारा: 'वारस नोंद झाली का?' पंचांनो आणि सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनो, मयत सभासदाचे शेअर वर्ग करण्याआधी मुलांचा जन्मदाखला मागा. फादर, पुजारी, महिला मंडळं, लग्नाची तारीख ठरते तेव्हा तुम्हाला सगळ्यात आधी कळतं. त्याच दिवशी ही गोष्ट काढा.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. बोटी वर काढलेल्या असतात आणि माणसं घरी असतात. हे दोन महिने जाळी दुरुस्तीबरोबर कागद दुरुस्तीला द्या. 271 नंबरच्या बसनं मालाडला जा आणि तिथून पुढं बोरिवली तहसील किंवा नगर भूमापन कार्यालय गाठा. पैसे नाहीत ही अडचण सांगू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रिया आणि मुलांना, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. 15100 या क्रमांकावर फोन लावा आणि मराठीत सांगा: 'मुलांचे वडील वारले, मी दुसरं लग्न केलं आहे, मुलांचा वारसा नोंदवायचा आहे.'

हा फोन या आठवड्यात करा. तुमच्या घरी असा प्रसंग नसेल, तर आळीत ज्या घरी आहे तिथं जाऊन त्यांच्याकडून करून घ्या.